कुणालाच माहीत नाही, कुठे ठेवतो ते

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पिस्तूल दाखवलं, तेव्हा मी त्या माणसाला 'थँक्यू' म्हणालो.

झालं असं, की औषधाच्या दुकानासमोर मी स्कूटर लावत होतो. मागून एक मोठी गाडी आली. तिच्यातून एक जाडसर गृहस्थ उतरले, माझ्याजवळ आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी पोटावरचा शर्ट वर केला. मला वाटलं, ऑपरेशनचा व्रण दाखवतायत. आमच्या वयात ओळखीपाळखीशिवायही माणसं व्रण दाखवतात. 'केव्हा झालं?' असं मी सहानुभूतीने विचारणारही होतो, तेवढ्यात पट्ट्यात खोचलेली ती काळी मूठ दिसली. मी निमूटपणे स्कूटर पुढे ढकलली आणि जाता जाता म्हणालो, "थँक्यू."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हादरेल, मला पाणी देईल, निदान खुर्ची तरी पुढे करेल, अशी माझी अपेक्षा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, पण थँक्यू कशाबद्दल?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते शोधायचं म्हणून मी माहितीपट काढायचं ठरवलं. विषय: बंदूकसंस्कृती आणि समाजातील हिंसा. पाणीखात्यात नळाच्या लाइनींचे नकाशे काढणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. पण पोटात गेलेला अपमान कुठून तरी बाहेर पडायला बघतो, आणि माझ्या मेहुण्याकडे कॅमेरा होता.

मेहुणा लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्या कॅमेऱ्याला आनंदाची इतकी सवय झालेली आहे, की त्यातून काहीही पाहिलं तरी कडा धूसर आणि मधला भाग गुलाबी दिसतो. "भाऊजी, हिंसेला स्लो मोशन लावू," तो म्हणाला. "खाली व्हायोलिन."

मी म्हटलं, "व्हायोलिन नको."

"मग सनई?"

परवानगीसाठी मी पोलिसांच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. "बंदूकसंस्कृती. म्हणजे कार्यक्रम सांस्कृतिक आहे. तुम्ही सांस्कृतिक विभागाकडे जा." सांस्कृतिक विभागातल्या बाईंनी 'बंदूक' शब्दाखाली लाल रेघ मारली आणि मला पोलिसांकडे पाठवलं. दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये एक बाग होती. तिथल्या बाकावर बसून शेवटी मी स्वतःच ठरवलं, की माणूस आपल्याच इमारतीत, आपल्याच शेजाऱ्यांशी बोलणार असेल तर त्याला परवानगी कशाला हवी?

इमारतीच्या फलकावर मी एक सूचना लावली: 'ज्यांच्या घरी शस्त्र असेल त्यांनी मुलाखतीसाठी संपर्क साधावा.' खरं सांगायचं तर कुणीही येणार नाही याची मला खात्री होती. आमची इमारत म्हणजे सभ्य माणसांची वस्ती. इथली भांडणं चपलांच्या कपाटावरून आणि कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्यावरून होतात. 'आमच्या घरात शस्त्र नाही' असं सांगणारी हसरी कुटुंबं दाखवायची आणि मग कॅमेरा हळूच बाहेरच्या भयानक जगाकडे वळवायचा, असा माझा बेत होता.

पहिले आले तळमजल्यावरचे दंतवैद्य. त्यांनी बेल इतकी हळू वाजवली, की वाजली की भास झाला ते कळेना. हातात बुटांचा खोका. मला वाटलं, बूट मापाचे निघाले नसतील. त्यांनी दार लावून घेतलं, खोका उघडला, तलम कागद बाजूला केला आणि म्हणाले, "हात पुढे करा. आता जरा गार लागेल हं."

लागलं. माझ्या तळव्यावर रिव्हॉल्व्हर होतं. गार, आणि दिसतं त्यापेक्षा बरंच जड. ज्या मृदू आवाजात त्यांनी माझ्या तीन दाढा काढल्या होत्या, त्याच आवाजात ते म्हणाले, "मी एकदम शांत माणूस आहे, तुम्हाला माहीतच आहे."

मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या पिस्तुलाला त्यांनी क्रोशाचं अबोली रंगाचं कव्हर विणलं होतं, टोकाला गोंडा. "उघडं ठेवलं तर धूळ बसते," त्या म्हणाल्या. मग विमा एजंट. मग गच्चीलगतच्या खोलीतले सतारीचे मास्तर. रोज एकेक जण येत होता, आवाज न करता बेल वाजवत होता, आणि दार लागेपर्यंत बोलत नव्हता. इतकी वर्षं या लोकांशी मी पाण्याच्या टाकीवरून तावातावाने भांडलो होतो! एकदा तर सतारीच्या मास्तरांना 'बघून घेईन' असंही म्हणालो होतो. त्या वेळी ते नुसते हसले होते. ते हसू मला आता आठवलं.

बायको म्हणाली, "सूचना काढून टाका. कुणाकडे काय आहे हे न कळलेलंच बरं होतं." पण माझ्यातला दिग्दर्शक आता जागा झाला होता, आणि दिग्दर्शक जागा झाला की नवरा ऐकत नाही.

आम्ही घरोघर जाऊन मुलाखती घेतल्या. सल्ले अर्थातच फुकट मिळाले. दंतवैद्यांच्या मते मध्ये एखादं गाणं हवं होतं. विमा एजंटने शूटिंगच्या काळात माझा विमा उतरवण्याचा आग्रह धरला, आणि हे सांगताना त्याचं पिस्तूल टेबलावरच होतं, त्यामुळे मी सही केली. मेहुणा सवयीने प्रत्येकाला म्हणत होता, "जरा इकडे बघा... हनुवटी खाली... थोडं हसू." आणि लोक शस्त्र मांडीवर घेऊन, हनुवटी खाली करून, थोडं हसत होते.

प्रत्येकाला मी शेवटी एकच प्रश्न विचारायचो: "घरात बायकामुलं आहेत. भीती नाही वाटत?" आणि प्रत्येक जण जवळपास एकच वाक्य बोलायचा: "छे! कुणालाच माहीत नाही, कुठे ठेवतो ते."

फक्त एका माणसाने शस्त्र दाखवायला नकार दिला. तिसऱ्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब. बँकेत मॅनेजर असताना शेजारच्या शाखेवर दरोडा पडला, तेव्हा त्यांनी परवाना काढला होता. आता निवृत्त होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, घरातही पायात मोजे. "शस्त्र ही मिरवायची वस्तू नाही," कॅमेऱ्याकडे रोखून बघत ते म्हणाले. "ते आतल्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात. किल्ली माझ्याकडे असते. कुणालाच माहीत नाही." एवढ्यात त्यांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, पाण्याचे ग्लास घेऊन आल्या आणि ट्रे ठेवून आत गेल्या. मुलाखत उत्तम झाली असं मला वाटलं.

मेहुण्याचा स्टुडिओ म्हणजे एका गल्लीतली पडदे ओढलेली खोली. एका कोपऱ्यात नवरानवरीच्या फोटोंसाठी मखमली खुर्ची आणि समोर मोठा पडदा. भर दुपारी आत काळोख. आम्ही मुलाखती बघायला बसलो. दंतवैद्य बोलत होते: "कुणालाच माहीत नाही, कुठे ठेवतो ते." मेहुण्याने अचानक चित्र थांबवलं.

"भाऊजी, मागे त्यांची आई बघा."

मागे दंतवैद्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. मुलगा ते वाक्य बोलला आणि तिने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वेळ बघायला नव्हे. तिची नजर घड्याळाच्या मागे, भिंत आणि घड्याळ यांच्यामधल्या फटीत गेली आणि परत आली.

"म्हातारी आहे, बघते इकडेतिकडे," मी म्हणालो.

त्याने शिवणकामाच्या बाईंची मुलाखत लावली. त्या बोलल्या, "कुणालाच माहीत नाही." मागे अभ्यास करणाऱ्या त्यांच्या मुलीने पुस्तकातून डोळे उचलले, मशीनच्या खालच्या खणाकडे बघितलं आणि पुन्हा पुस्तकात घातले. विमा एजंट बोलला; दारात उभ्या असलेल्या त्याच्या भावाची नजर गादीच्या उजव्या कोपऱ्यावर गेली. सतारीचे मास्तर बोलले. त्यांच्या बायकोने भिंतीला टेकवलेल्या सतारीच्या भोपळ्याकडे पाहिलं.

आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. तेच वाक्य, आणि मागे तीच नजर. जाते, टेकते, परत येते. बोलणाऱ्याला पत्ता नाही. त्या बंद खोलीत पंखा चालू होता, तरी मेहुण्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "भाऊजी," तो हळूच म्हणाला, "सगळ्यांना सगळं माहीत आहे."

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्यापाठोपाठ एक लाजिरवाणा आनंद झाला, की आता माझ्याकडे खरोखरच चित्रपट आहे! आता कोण विचारेल थँक्यू कशाबद्दल म्हणून?

शेवटी मॅनेजरसाहेबांची मुलाखत लावली. "आतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात," साहेब सांगत होते. काकू ट्रे ठेवत होत्या. त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेलीच नाही. ती गेली स्वयंपाकघराकडे, खाली, ओट्याखालच्या पत्र्याच्या मोठ्या डब्याकडे. आणि परत येताना ती साहेबांच्या हातांवर थांबली. ट्रे ठेवून झाला तरी तिथेच.

"हे काय, कपाट तर इकडे आहे," मेहुणा म्हणाला. आम्ही हसलो. हो, हसलो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी. मी आपल्या ऐटीत म्हणालो, "काकू, तुमची चोरी पकडली बरं का आम्ही! साहेब सांगतात कपाट, आणि तुमचे डोळे मात्र डब्याकडे!"

काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली. कठडा धरला. "त्यांना दाखवलंत?"

"नाही अजून. का हो?"

त्या वरच्या मजल्याकडे बघत इतक्या हळू बोलल्या, की मला एक पायरी वर चढावं लागलं. "दुपारी ती बंदूक मांडीवर घेऊन बसायचे. पेपर घेऊन बसावं तसे. मी विचारलं तर म्हणायचे, साफ करतोय. साफ करायला फडकं लागतं ना हो? फडकं नसायचं हातात."

मी त्यांची पिशवी उचलली आणि परत तिथेच ठेवली.

"एक दिवस ते आंघोळीला गेले तेव्हा उशीखालून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बंदूक पिठाच्या डब्यात घातली. गोळ्या काढता येत नाहीत मला, तशीच घातली. त्यांनी कपाट उघडून बघितलं असणार. पण मला एका शब्दाने विचारलं नाही. मीही बोलले नाही. मी भाजीला गेले की शोधतात. परत आले की प्रत्येक डबा बोटभर सरकलेला असतो. पिठात अजून हात घातला नाही त्यांनी, कपडे खराब होतील म्हणून." मग माझा हात धरून म्हणाल्या, "ते तेवढं काढून टाका हो चित्रातून. माझी नजर काढून टाका."

मी स्टुडिओकडे निघालो. स्कूटर सुरू होईना, म्हणून पळत निघालो. घरच्या सपाता, त्यातल्या एकीचा अंगठा तुटका. रस्त्याने दोन ओळखीच्यांनी 'व्यायाम का?' म्हणून विचारलं. एकाने गुडघ्यांसाठी तेल सुचवलं. पोहोचलो, पडदा बाजूला केला, आणि मखमली खुर्चीत मॅनेजरसाहेब बसलेले दिसले.

"साहेब म्हणाले कॉलर वाकडी आली असेल," मेहुणा उत्साहाने म्हणाला. "म्हटलं, दाखवतो."

"नको!" मी ओरडलो आणि पडद्यासमोर हात पसरून उभा राहिलो. पण चित्र पडद्यावर पडायचं ते माझ्यावर पडू लागलं. साहेबांचा चेहरा माझ्या शर्टावर हलत होता आणि बोलत होता: कुणालाच माहीत नाही. खुर्चीतले साहेब शांतपणे म्हणाले, "जरा बाजूला व्हा." असं म्हणणाऱ्या माणसासमोर मी कायमच बाजूला होत आलो आहे. झालो.

"मागे घ्या," ते म्हणाले. मेहुण्याने घेतलं. "पुन्हा." पुन्हा घेतलं. "थांबवा."

पडद्यावर काकूंचा चेहरा थांबला. मोठा, भिंतीएवढा. नजर साहेबांच्या हातांवर. खुर्चीत बसलेल्या साहेबांनीही आपल्या हातांकडे बघितलं, जणू ते कुणी तरी तिथे विसरून गेलं होतं. मग उठले, मोजे वर ओढले आणि म्हणाले, "कॉलर ठीक आहे."

ते चालत निघाले. पळत नव्हते, हेच भयंकर होतं. सिग्नलला थांबले. ओळखीच्या माणसाला मान लववली. मी आणि मेहुणा मागे. हाक मारायचं धैर्य होईना, कारण हाक मारून सांगणार काय? जिन्याच्या सुरुवातीलाच माझी सपात निसटली, मी तळमजल्यावर गुडघ्यावर पडलो आणि दंतवैद्यांच्या आईने दारातून विचारलं, "लागलं का रे?" मी तिला नाही नाही म्हणत वर धावलो.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात साहेब जमिनीवर बसले होते. समोर तो पत्र्याचा डबा आणि इस्त्रीच्या शर्टाचा हात कोपराच्या वरपर्यंत पिठात. हात आत फिरत होता, पत्र्याला बोटं लागल्याचा आवाज येत होता. हात बाहेर आला. पांढरा आणि रिकामा.

खिडकीपाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"दुसरीकडे ठेवली. सांगणार नाही."

"डोळे उघड."

"नाही."

"डोळे उघड म्हणतो ना."

"उघडले की बघेन मी तिकडे," काकू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही राहिला."

त्या उन्हात उभ्या होत्या, पापण्या थरथरत होत्या आणि एक हात भिंतीवर चाचपडत होता. मी काहीतरी करायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेब, कॉलर खरंच छान आलीय." मेहुण्याने माझ्याकडे असं बघितलं, की ते मी जन्मभर विसरणार नाही.

साहेब डब्याला टेकून बसले. पांढरा हात त्यांनी अंगापासून दूर धरला होता. मग म्हणाले, "मला नुसतं बघायचं होतं, आहे का अजून ती."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "म्हणूनच."

गच्चीकडे कुणीतरी सतार लावत होतं, एकच तार, वर वर ओढत. मग साहेब म्हणाले, "बँकेत निदान रोज कुणीतरी सही मागायला यायचं." आणि मग, "देऊन टाकू. तू डोळे उघड. मी भिंतीकडे तोंड करतो." आणि तो मोठा माणूस, वर्गात शिक्षा झाल्यासारखा, खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझ्या माहितीपटाचं पुढे काय झालं हे विचारलं जातं, म्हणून इथेच सांगून टाकतो. तो भाग काढून बाकीचा इमारतीच्या सभागृहात दाखवला. त्यातल्या नजरा लोकांनी पाहिल्या. शेवटी टाळ्या वाजल्या, प्रकाशयोजनेचं कौतुक झालं, आणि पुढच्या आठवड्यात इमारतीत कपाटं सरकवल्याचे, खिळे ठोकल्याचे आवाज येत राहिले. शस्त्र एकानेही सोडलं नाही. सगळ्यांनी फक्त जागा बदलल्या.

पण शस्त्र जमा करायला आम्ही गेलो ते त्याच्या आधी, त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी. काकू, साहेब आणि मी. काकूंच्या पर्समध्ये, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, ती. कचेरीच्या दारावरच्या शिपायाने पर्स तपासायला मागितली आणि अभ्रा चाचपून तो दोन पावलं मागे सरला. "शस्त्र आत न्यायला मनाई आहे."

"शस्त्र जमा करायचंय," मी म्हणालो.

"जमा आत करतात."

"म्हणून आत न्यायचंय."

"आत न्यायला मनाई आहे."

बागेतल्या बाकाची मला आठवण होऊ लागली होती, तेवढ्यात काकू कधी नव्हे त्या आवाजात म्हणाल्या, "मग तुम्ही घ्या." आणि पर्स त्याच्यापुढे धरली. शिपायाने आम्हाला आत सोडलं.

आत तोच कारकून. त्याने चष्मा पुसला. "घ्यायला लोक येतात. द्यायला कुणी येत नाही." मग नियम बघायला आत गेला आणि नियम घेऊन बाहेर आला. "परवाना ज्याच्या नावावर आहे, त्याने बंदूक स्वतःच्या हाताने जमा करायची असते. बाईंना नाही करता येणार."

काकूंनी पर्स छातीशी धरली. "मी ठेवते ना इथे, टेबलावर. काय फरक पडतो?"

"नियम आहे, बाई. आधी त्यांच्या हातात द्या. ते मला देतील."

मी कारकुनाला बाजूला घेऊन काहीतरी सांगू लागलो. कुजबुजत, खाणाखुणा करत, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. तो म्हणाला, "मोठ्याने बोला." मोठ्याने बोलण्यासारखं ते नव्हतं. साहेब सगळं ऐकत उभे होते. आजही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांनी काकूंपुढे तळहात धरला. मागितलं नाही, नुसता धरला.

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे किती वेळ बघितलं कोण जाणे. मग त्यांनी पर्स उघडली, अभ्रा सोडवला आणि ती त्यांच्या हातावर ठेवली.

टेबल हातभर अंतरावर होतं. साहेबांचा हात मध्येच थांबला. त्यांनी मूठ नीट धरली, सवयीची वस्तू धरावी तशी, आणि अंगठा तिच्यावरून एकदा सावकाश फिरवला. काकूंनी डोळे मिटले नाहीत. या वेळी त्या सरळ बघत राहिल्या.

साहेबांनी ती टेबलावर ठेवली. हात मात्र वरच राहिला.

"हात काढा आता," कारकून म्हणाला.

त्यांनी काढला.

कारकुनाने ती फडक्याने उचलली आणि नाक वाकडं केलं. "हे पांढरं काय आहे?"

"पीठ," काकू म्हणाल्या.

सगळे सोपस्कार उरकून बाहेर आलो, तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्या उतरता उतरता साहेब मध्येच थांबले. "म्हणजे इतके दिवस आपण त्याच डब्यातलं खात होतो?"

"चाळून घेत होते मी," काकू म्हणाल्या.

साहेब हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मीही हसलो. काकू हसल्या नाहीत. एका पायरीवर उभ्या राहून त्या अजून साहेबांच्या हातांकडेच बघत होत्या.